हात पाठीमागे

निनादने केलेलं ॲप त्याच्या ऑफिसात सगळ्यांना आवडलं होतं. बाणेरच्या त्या ऑफिसातला सर्वांत वयस्कर माणूस एकेचाळीस वर्षांचा होता, हे मात्र तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ॲपचं काम तसं साधं. एसटीची वेळ, पेन्शनचा कागद, डॉक्टरांची वेळ, एखादा अभंग, जे काही मोबाइलवर मराठीतून शोधायचं असेल ते ज्येष्ठांना विनासायास सापडावं. निनाद अभ्यासू मुलगा. संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष ठरलेले आहेत, त्यांची 2023 च्या ऑक्टोबरात आलेली आवृत्ती त्याने वाचून काढली होती. अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर निदान 4.5 ला 1 असावं, ते होतं. बटण बोटाला नीट सापडावं इतकं मोठं असावं, ते होतं. अक्षरं मोठी केली होती. पडद्यावर फक्त सहा चौकोन ठेवले होते, म्हणजे गोंधळ नको. वर कोपऱ्यात काठी टेकत चाललेल्या आजोबांचं चित्र आणि त्याखाली ‘ज्येष्ठ मोड’ अशी अक्षरं. (म्हाताऱ्यांसाठी म्हणून काहीही बनवलं की आपल्याकडे त्यावर काठी येतेच. अजिंक्यताऱ्यावर रोज चढून जाणारी सत्तरीची माणसं साताऱ्यात कमी नाहीत, पण चित्रकाराला ती दिसत नाहीत.)

ॲप बाजारात आणण्याआधी खऱ्या माणसांच्या हातात देऊन पाहायचं ठरलं आणि निनादला सातारची आत्याआजी आठवली. त्याच्या वडिलांची आत्या. शहरातल्या एका जुन्या वाचनालयात ती उभी हयात ग्रंथपाल होती. निवृत्त झाल्यावर तिने ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत पुस्तकांची दोन कपाटं मांडली आणि तिथेही वहीत नोंदी करायला सुरुवात केली.

फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं. “ये की. पण मला नको दाखवू, मी तुझं कौतुकच करीन. संघात दाखव. आणि एक अट आहे. तू बोलायचं नाहीस. हात पाठीमागे धरून उभं राहायचं.”

“अगं, पण कुणी अडलं तर?”

“अडू दे. उद्या हे हजारो लोकांच्या हातात जाईल, तेव्हा तू काय प्रत्येकाच्या घरी जाऊन बोट धरणार आहेस?”

नोव्हेंबरची सकाळ होती. खोलीत गारठा, म्हणून मंडळी बाहेर ओट्यावर उन्हात बसलेली. निनादने फोन पुढे केला आणि पहिलाच फटका बसला. फोन हातात घेणाऱ्या प्रत्येकाने तो उन्हापासून आडवा धरला, मग डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. निनादची राखाडी अक्षरं ऑफिसातल्या पडद्यावर निकषात चोख बसत होती. सातारच्या उन्हाला निकष ठाऊक नव्हते. शिवाय साठीतल्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोहोचतो. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळसर होतं आणि निळ्या रंगाच्या छटा एकमेकींत मिसळतात. निनादने जिथे बोट लावायचं ते शब्द गडद निळे आणि जे नुसते वाचायचे ते राखाडी केले होते. ओट्यावर बसलेल्यांना दोन्ही सारखेच दिसत होते.

तात्या पुढे आले. एसटीत कंडक्टर होते, आता शहात्तर वर्षांचे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 च्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास फुकट झाला, त्यावर त्यांचा ठरलेला विनोद होता: “जन्मभर लोकांची तिकिटं फाडली, आता पोरगं मला शून्याचं तिकीट फाडून देतं.” त्यांनी माइकचं बटण दाबलं आणि म्हणाले, “साडेपाचची...” मग थांबले. कोणती गाडी ते त्यांना पक्कं माहीत होतं, गावाचं नाव ओठांवर येत होतं. तेवढ्यात माइक बंद झाला. बोलणाऱ्याने क्षणभर उसंत घेतली की बोलणं संपलं असं समजायला यंत्राला शिकवलेलं असतं, आणि ही उसंत मोजली होती निनादच्या मित्रांच्या बोलण्यावरून. पडद्यावर उत्तर आलं: साडेपाच फूट उंचीच्या माणसाचं वजन किती असावं.

तात्यांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मंडळी हसली. दुसऱ्यांदा ते ओरडून बोलले, कारण ऐकू गेलं नसेल असं त्यांना वाटलं. तिसऱ्यांदा आणखी मोठ्याने. निनादचे पाठीमागचे हात वळवळत होते. आत्याआजीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मग तात्यांनी बोट जिभेला लावलं आणि काचेवर टेकवलं. निनादने तोंड जरा वाकडं केलं, जुनी सवय म्हणून. सवय जुनी होतीच, ट्रेमधली तिकिटं सुटी करताना लागलेली. पण ती चुकीची नव्हती. मोबाइलची काच बोटाचा दाब ओळखत नाही, बोटातून जाणारा सूक्ष्म विद्युतभार ओळखते. वयाने कातडी कोरडी पडली की काचेला बोट कळेनासं होतं. हिवाळ्यात तर आणखीच. ओट्यावरचे बाकीचे लोक तीन-तीन वेळा बटण दाबत होते आणि शेवटी जोरात दाबत होते. तात्यांचं मात्र पहिल्या स्पर्शाला लागत होतं. इंजिनियरच्या ॲपची अडचण कंडक्टरने स्वतःपुरती सोडवली होती, आणि इंजिनियरला ती किळसवाणी वाटत होती.

फोन परत देताना तात्यांनी कोपऱ्यातल्या चित्राकडे बोट केलं. “हा काठीवाला कोण? मी?”

बाईंची गोष्ट वेगळी. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायच्या. फळ्यावर उत्तर चुकलं तरी वर्गातल्या कुणाची बोलायची हिंमत होत नसे, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. त्यांना ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय हवा होता. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची त्यांना सवय होती, म्हणून त्यांनी कुठलाही मराठी माणूस लिहील तसं डी-एन-वाय-ए असं टाइप केलं. ॲपमधला कीबोर्ड हिंदीच्या सवयीने बनलेला, त्याला ‘ज्ञ’साठी ग हवा होता. उमटलं ‘द्न्या’. बाईंनी ते खोडलं, पुन्हा लिहिलं. आता खाली सुचवलेल्या शब्दांची यादी आली आणि तीत चौथ्या ओळीवर ज्ञानेश्वरी होती. बाईंनी बोट उचललं, नेम धरला, बोट खाली आणलं. नेमकी त्या क्षणी यादी ताजी झाली, चौथी ओळ दुसरीवर सरकली आणि चौथीवर जे आलं ते उघडलं. ते एका गृहप्रकल्पाचं नाव होतं.

“माझंच चुकलं,” बाई म्हणाल्या.

निनादच्या नावाने बोटं मोडायला हवी होती, ती कुणीच मोडली नाहीत, आणि त्या सकाळी त्याला हेच जास्त लागलं. प्रत्येक जण फोन परत देताना तेच म्हणत होता. माझंच बोट जाड. आम्हाला काय कळतंय. वय झालं आता. ज्या बाईंनी चाळीस मुलांसमोर कधी चूक कबूल केली नाही, त्या एका सरकणाऱ्या यादीपुढे खाली मान घालून बसल्या होत्या.

मग भाऊसाहेब. ग्रामसेवक होते, त्यामुळे गावोगाव भाऊसाहेब म्हणूनच ओळख. त्यांनी खिशातून कागद काढला. रात्री बसून मजकूर तयार करून आणला होता. माइक सुरू करून त्यांनी न थांबता वाचायला सुरुवात केली, त्यामुळे माइक बंद पडला नाही.

“महोदय. वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की माझी थोरली बहीण, वय वर्षे ब्याऐंशी, राहणार तालुका कोरेगाव, हिचे यजमान रेल्वेत नोकरीस होते व त्यांच्या पश्चात तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. सप्टेंबरात पडून तिचे खुब्याचे हाड मोडल्याने ती अंथरुणास खिळून आहे. तरी तिच्या हयातीच्या दाखल्याबाबत बँकेत समक्ष न जाता काय करता येईल, याचे मार्गदर्शन व्हावे ही विनंती. कळावे.”

सगळे हसले. निनादलाही हसू आवरेना. ॲपने एवढ्या मजकुरातून आपल्या समजुतीप्रमाणे महत्त्वाचे शब्द निवडले आणि उत्तर दिलं. वर ‘महोदय’ने सुरू होणाऱ्या अर्जांचे नमुने, त्याखाली खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेची माहिती, त्याखाली रेल्वेभरती.

भाऊसाहेबांनी कागदाची घडी घातली. “फार लांबलं वाटतं. दोन शब्दांत विचारायला पाहिजे होतं.”

आत्याआजी हसली नव्हती. ती म्हणाली, “भाऊसाहेब, पोस्टमनला निरोप पाठवा. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा माणूस घरी येऊन दाखला करून देतो. आधार आणि पेन्शनचे कागद तेवढे काढून ठेवा. आणि ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच करता येतं, हे पुढच्या वर्षी लक्षात ठेवा, म्हणजे नोव्हेंबरच्या गर्दीत नको.”

उत्तर खरं होतं आणि नवंही नव्हतं. हयातीचा दाखला घरबसल्या देण्याची ‘जीवन प्रमाण’ ही सोय 2014 च्या नोव्हेंबरात सुरू झाली. पोस्टमन घरी येऊ लागला त्याला काही वर्षं झाली. चेहरा दाखवून मोबाइलवरूनच दाखला काढायची सोयही 2021 पासून आहे. हे सगळं निनादच्या ॲपच्या पोटात होतं. फक्त ते ‘डिजिटल लाइफ सर्टिफिकेट’ या नावाने ठेवलेलं होतं आणि ओट्यावरच्या एकाही माणसाने आयुष्यात हयातीच्या दाखल्याला दुसरं काही म्हटलेलं नव्हतं.

दुपारी जेवताना निनाद गप्प होता. आत्याआजीने आमटी वाढली.

“भाऊसाहेबांच्या कागदात फालतू शब्द कोणता होता, सांग.”

त्याने आठवून पाहिलं. “महोदय. वरील विषयास अनुसरून.”

“आणि?”

पुढचं त्याला सुचेना. ब्याऐंशी वय होतं, म्हणून ऑक्टोबर. कोरेगाव होतं, म्हणून कुठलं पोस्ट ते कळलं. रेल्वे होती, म्हणजे केंद्राचं पेन्शन. अंथरुणाला खिळली होती, म्हणून घरी येणारा माणूस. भाऊसाहेबांनी उत्तराला लागणारी एकूण एक गोष्ट सांगितली होती. ॲपने ऐकलं नव्हतं.

“आमच्याकडे उलटी अडचण असायची,” ती म्हणाली. “एकदा एक शेतकरी आला. म्हणाला, कायद्याचं पुस्तक द्या. आता कायद्याची दोन कपाटं भरून पुस्तकं. नवा मुलगा होता माझ्या हाताखाली, त्याने दहा पुस्तकं काढून टेबलावर ठेवली आणि काम झालं म्हणून खुश. तो माणूस चाळत बसला बिचारा. मी जवळ जाऊन एवढंच विचारलं, कशासाठी हवंय? तर सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात आजोबांच्या वेळची काहीतरी नोंद राहिली होती. म्हणजे त्याला कूळकायदा हवा होता, 1948 चा, आणि त्यातलंही चारपाच पानांपुरतं. एक प्रश्न विचारला की दहा पुस्तकं वाचतात. पण एकच हं. चार विचारले की माणूस उठून जातो, त्याला वाटतं आपली परीक्षा घेतायत.”

तिने मग रंगनाथन यांचं नाव काढलं. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगणारं पुस्तक लिहिलं. ग्रंथपालाचा अभ्यासक्रम करणाऱ्या प्रत्येकाला ते पाचही पाठ असतात. गणिताचा माणूस म्हटल्यावर निनादने मान वर केली. वाचकाचा वेळ वाया जाऊ देऊ नये, हा त्यातलाच एक नियम. आत्याआजीचं म्हणणं असं होतं, की वेळ वाचवायचा म्हणजे वाचकाला घाई करायची असा अर्थ पुष्कळ जण लावतात. वेळ वाचकाचा आहे. तो उसंत घेऊन बोलला तर तो त्याचाच वेळ खर्च करतोय, तुझा नाही.

संध्याकाळी अप्पा आले. सकाळी ते ओट्याच्या टोकाला बसले होते आणि फोन त्यांच्यापर्यंत गेला तेव्हा त्यांनी नुसता हात हलवून तो पुढे पाठवला होता. निनादने मनात नोंद केली होती: तंत्रज्ञानाची भीती. अप्पा कॅशियर होते. संध्याकाळी गल्ला मोजताना त्यांच्या हिशेबात कधी रुपयाची तूट आली नाही, असा लौकिक.

चहा झाल्यावर बराच वेळ त्यांनी इकडचं तिकडचं काढलं. मग म्हणाले, “मी शोधलं होतं एकदा.”

एटीएममध्ये कार्ड अडकलं होतं. रविवार होता. घरी येऊन त्यांनी मोबाइलवर बँकेचं नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असं लिहिलं. पहिला आला तो नंबर फिरवला. पलीकडचा मुलगा स्वच्छ मराठी बोलणारा, अदबशीर. काका, घाबरू नका, आत्ता करून देतो म्हणाला. एक ॲप घ्यायला सांगितलं. ते घेतल्यावर अप्पांच्या फोनचा पडदा त्याला तिकडे दिसू लागला. बाकी सांगायची गरज नाही.

“कोणाला सांगितलंत?” आत्याआजीने विचारलं. तिलाही हे नवीन होतं.

“कुणालाच नाही. तीन दिवस. मुलाला काय सांगणार, जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजले आणि स्वतःचे... ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी 1930 ला फोन करायचा असतो हे मला महिन्याने कळलं. लगेच केला तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात म्हणे.”

निनादकडे बघून ते म्हणाले, “तुझ्या मशीनची मला भीती नाही रे. नोटा मोजायचं मशीन आलं तेव्हा ब्रँचमध्ये सगळ्यांत आधी मीच शिकलो. पण बँकेत कागद पुढे आला की आम्ही आधी सही-शिक्का बघायचो. हिच्या वाचनालयातल्या पुस्तकावरसुद्धा शिक्का असतो. तुझ्या त्या पडद्यावर वर काय आलंय ते दिसतं, ते तिथे कुणी आणून ठेवलंय ते दिसत नाही. पैसे देऊन कुणी पहिला नंबर लावला, मला काय कळणार?”

शोध घेणाऱ्या बहुतेक ठिकाणी पैसे देऊन वर आलेल्या ओळीवर तसं लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात, बऱ्याचदा इंग्रजीत. अप्पांनी जन्मभर इंग्रजी कागद वाचले होते. ती अक्षरं त्यांना दिसली नव्हती इतकंच.

पुण्याला परत गेल्यावर जे झालं ते तितकंसं सुरस नाही. ऑफिसात वाद झाले. माइक जास्त वेळ उघडा ठेवला तर बाहेरचा आवाज शिरतो आणि खर्च वाढतो, हा आक्षेप खरा होता. तो बराच घोळला आणि शेवटी उपाय फार साधा निघाला: बोलणं संपलं की नाही ते यंत्राने ठरवायचं नाही, ‘झालं’ असं लिहिलेलं मोठं बटण बोलणाऱ्याने दाबायचं. मायक्रोफोनने काय ऐकलं ते मोठ्या अक्षरात दाखवायचं आणि चुकलेला एकच शब्द बदलता यायला हवा, सगळं पुन्हा बोलायला लागू नये. सुचवलेल्या शब्दांची यादी एकदा दिसली की आपोआप हलणार नाही. ‘ज्ञ’ मराठी माणूस लिहितो तसाच लिहिता येईल. पार्श्वभूमी पांढरी, अक्षरं काळी, आणि फोनच्या सेटिंगमध्ये माणसाने अक्षर जेवढं मोठं ठेवलंय तेवढंच इथेही.

खरी भांडणं दोन गोष्टींवर झाली. लांबलचक प्रश्न आला तर त्याचे तुकडे न करता तो पूर्ण वाचायचा आणि काही राहिलं असेल तर उलट एकच प्रश्न विचारायचा, ही पहिली. निनादचे साहेब म्हणाले, याने प्रत्येक शोधाला लागणारा सरासरी वेळ वाढेल, आपला तक्ता खराब दिसेल. त्यांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती, गुंतवणूकदार तक्ताच बघतात. निनादने भाऊसाहेबांचा कागद, नावगाव झाकून, मीटिंगमध्ये वाचून दाखवला आणि विचारलं, याचं उत्तर आपल्या तक्त्यात कुठल्या रकान्यात पडतं? जुन्या ॲपमध्ये तो शोध उत्तर आल्यावर अकरा सेकंदांत ‘यशस्वी’ म्हणून नोंदला गेला होता, कारण भाऊसाहेबांनी रेल्वेभरतीवर चुकून बोट लावलं होतं.

दुसरं भांडण शिक्क्याचं. प्रत्येक उत्तराच्या वर, उत्तराइतक्याच मोठ्या अक्षरात, ही माहिती कुणाची आणि कोणत्या तारखेची ते लिहायचं. बँकेचा, गॅसचा, विजेचा फोन नंबर असेल तर तो फक्त त्या संस्थेच्या स्वतःच्या पानावरचाच घ्यायचा, आणि पैसे घेऊन काहीही वर लावायचं नाही. शेवटच्या वाक्याला साहेबांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. ॲप फुकट ठेवायचं तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्तच होता. नंतर एका पतसंस्थेने आपल्या सभासदांसाठी ॲप विकत घेतलं आणि तेवढ्यापुरतं निभावलं. पुढचं पुढे.

गुढीपाडव्याच्या सुमाराला निनाद पुन्हा साताऱ्याला आला, या वेळी साहेबांना घेऊन. ओट्यावर उभं केल्यावर आत्याआजीने त्यांनाही अट सांगितली. इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस हात पाठीमागे धरून उभा राहिला तेव्हा तात्या फार खुश झाले.

तात्यांनी माइक सुरू केला. “साडेपाचची... ती...” थांबले, आभाळाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आरामात आठवलं. “स्वारगेटची. विनावाहक.” मग जिभेला बोट लावून ‘झालं’ दाबलं. गाडी सापडली. काठीवाला आजोबा आणि ‘ज्येष्ठ मोड’ दोन्ही गेले होते. ॲप आता कुणालाच वय विचारत नव्हतं.

भाऊसाहेबांनी या वेळी घरपट्टीबद्दल अर्ज वाचून दाखवला, ‘महोदय’सकट. ॲपने उलट विचारलं, घर कुणाच्या नावावर आहे? भाऊसाहेब म्हणाले, “हां, ते राहिलंच होतं,” आणि सांगितलं. साहेबांचा हात एकदा नकळत पुढे आला होता, तो त्यांनी परत मागे नेला.

बाईंना बारावा अध्याय मिळाला. चष्मा सावरून त्या दुसरीकडेच वाचत होत्या. “इथे निवृत्तीवेतन लिहिलंय. त्ति ऱ्हस्व पाहिजे.” निनादने कागदावर लिहून घेतलं. तिथून पुढे ॲपमधल्या चुका शोधायचं काम बाईंनी आपल्याकडे घेतलं आणि त्या ऑफिसला दर आठवड्याला यादी पाठवू लागल्या. “माझंच चुकलं” हे वाक्य त्या सकाळी त्यांच्या तोंडून आलं नाही.

अप्पांनी एसटीची वेळ शोधली, नातीच्या परीक्षेचा निकाल कधी आहे ते शोधलं. बँकेचा नंबर मात्र शोधला नाही. त्यांच्याकडे एक छोटी डायरी आहे. तीत पासबुकावरचा आणि कार्डाच्या पाठीमागचा नंबर त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून ठेवलाय. साहेबांनी परतीच्या गाडीत विचारलं, मग यांना आपल्या तक्त्यात धरायचं कुठे, वापरतात की नाही? निनादने ‘वापरतात’च्या रकान्यात धरलं. डायरी ठेवणाऱ्या कॅशियरचा विश्वास अर्धा जरी मिळाला तरी तो पुरेसा आहे, असं माझंही मत आहे.

तुमच्या घरात, शेजारात साठीपुढचं कुणी असेल, तर या रविवारी एवढं करा. बँकेचा खरा नंबर पासबुकावरून मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहा, त्याखाली 1930 लिहा आणि कागद फोनच्या कव्हरमध्ये घालून द्या. आणि कधी त्यांचा फोन आलाच, की माझे पैसे गेले, तर कसे गेले ते नंतर विचारा. आधी 1930 फिरवा.